शिम आणि पुट्टी : जुन्या ब्राउझरांसाठीच्या जावास्क्रिप्ट लायब्रऱ्यांचे मूल्यमापन

१

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यात दोन वस्तू सर्वांच्या परिचयाच्या आहेत. शिम ही पहिली. यंत्राचा एखादा पाय नीट टेकत नसेल, किंवा मोटार आणि पंप यांचे शाफ्ट एका रेषेत येत नसतील, तर फीलर गेजने फट मोजतात आणि तेवढ्याच जाडीची धातूची पट्टी पायाखाली सरकवितात. पुट्टी ही दुसरी. गाडीच्या पत्र्याला पोचा आला म्हणजे ती खळग्यात भरतात, सुकल्यावर घासतात आणि वर रंग देतात. मग मूळ पत्रा कोठे संपला आणि भरणी कोठे सुरू झाली हे डोळ्यांना कळत नाही. शिम काढून घेता येते. पुट्टी पृष्ठभागाचाच भाग होऊन बसते.

वेबच्या क्षेत्रातही हीच दोन रूपके रूढ झाली आहेत. जुन्या ब्राउझरमध्ये वेब-मानकांनी सांगितलेली एखादी सोय नसेल, तर ती जावास्क्रिप्टच्या साहाय्याने बाहेरून पुरविणाऱ्या प्रोग्रॅमला शिम म्हणतात. पॉलिफिल हा दुसरा शब्द रेमी शार्प या ब्रिटिश प्रोग्रॅमरने २००९ च्या सुमारास घडविला. इंग्लंडात भिंतीतील भेगा बुजविण्यासाठी पॉलिफिला या नावाची पुट्टी मिळते. तिच्यावरून हा शब्द आला. या दोहोंतील भेद महत्त्वाचा आहे. शिम आपल्या स्वतःच्या नावांनी आणि पद्धतीने काम करून देऊ शकते. पॉलिफिलने मात्र मानकात जी नावे व जे वर्तन सांगितले असेल तेच जसेच्या तसे पुरविले पाहिजे. तसे झाले म्हणजे पुढे ती सोय ब्राउझरमध्ये अंगभूत आली की मूळ प्रोग्रॅममधील एकही ओळ न बदलता भरणी दूर करता येते.

येथे एक विसंगती लक्षात येते. व्याख्या काढून टाकता येण्याजोग्या वस्तूची आहे. उपमा मात्र कायम राहणाऱ्या वस्तूची आहे. गेल्या दोन दशकांतील व्यवहार पाहिला, तर तो व्याख्येपेक्षा उपमेशीच अधिक इमान राखून चालला असे म्हणावे लागते. भरणी करणारे पुष्कळ झाले, काढणारे थोडे. म्हणून या लायब्रऱ्यांचे गुणदोष पाहताना त्या काय पुरवितात एवढेच पाहून भागत नाही. त्या निवृत्त कशा होतात, ही त्यांची मुख्य कसोटी होय. आणि तिचे उत्तर ज्याच्या टेबलावर जुने यंत्र आहे त्याच्या दृष्टीने शोधले पाहिजे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

२

या लायब्रऱ्यांची गरज कृत्रिम नव्हती. इंटरनेट एक्स्प्लोररची सहावी आवृत्ती ऑगस्ट २००१ मध्ये आली आणि सातवी आवृत्ती येण्यास ऑक्टोबर २००६ उजाडले. पाच वर्षे मानके पुढे सरकत राहिली. बहुसंख्य लोकांच्या हातातील ब्राउझर मात्र जागचा हलला नाही. विंडोज एक्सपीवर इंटरनेट एक्स्प्लोररची आठवी आवृत्ती हीच शेवटची ठरली, आणि एक्सपीला मिळणारा निर्मात्याचा आधार एप्रिल २०१४ पर्यंत चालू राहिला. एक्सपीवर फायरफॉक्स किंवा क्रोम बसविणे त्यानंतरही काही काळ शक्य होते हे खरे. परंतु कार्यालयातील अंतर्गत प्रणाली ॲक्टिव्हएक्सवर आधारलेली असली म्हणजे ती सोडविण्याची मुभा कारकुनाला नसे.

या परिस्थितीतून निघालेल्या उपायांपैकी सर्वांत निर्दोष उदाहरण म्हणून एचटीएमएल५-शिव् या लहानशा स्क्रिप्टकडे बोट दाखविता येईल. इंटरनेट एक्स्प्लोररच्या आठव्या आणि त्याआधीच्या आवृत्त्यांना विभाग, लेख, शीर्षभाग अशा अर्थांचे नवे घटक ओळखता येत नसत. परिणामी त्यांवर लिहिलेली शैली लागूच होत नसे. जावास्क्रिप्टने त्या नावाचा घटक एकदा नुसता निर्माण केला, तरी ब्राउझर पुढे तो ओळखू लागतो, ही गोष्ट श्यूर्ड फिशर यांनी २००८ मध्ये निदर्शनास आणली. सारी लायब्ररी या एका निरीक्षणावर उभी आहे. तिचा आकार लहान होता. पण तिची खरी थोरवी जोडणीत होती. ‘नवव्या आवृत्तीहून जुना इंटरनेट एक्स्प्लोरर असेल तरच’ अशी अट पानावरच लिहून ती जोडली जाई. इतर ब्राउझरांना ती केवळ टिप्पणी वाटे आणि ते ती उतरवूनही घेत नसत. आपण केव्हा नको आहोत हे तिच्या जोडणीतच नोंदलेले होते. जुने ब्राउझर जसजसे मावळले, तसतशी ती कोणालाही इजा न करता निरुपयोगी झाली. साधनाच्या बाबतीत ही मोठीच स्तुती होय.

३

जेक्वेरीचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. जॉन रेसिग यांनी जानेवारी २००६ मध्ये ही लायब्ररी प्रसिद्ध केली. त्या काळी एकच घटना ऐकण्यासाठी इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये एक पद्धत आणि इतरत्र दुसरी पद्धत लिहावी लागे. जेक्वेरीने या भेदावर एकसारखे आवरण घातले. काटेकोर अर्थाने ती पॉलिफिल नव्हे. तिने मानकाची उणीव भरून काढली नाही, तर मानकाच्या जागी स्वतःची बोली दिली. ही बोली इतकी सोयीची होती की, पानावरील घटक शैलीच्या निवडकांनी शोधण्याची जी पद्धत लोकांना तिच्यामुळे अंगवळणी पडली, ती पुढे ब्राउझरांतच अंगभूत आली. एखाद्या लायब्ररीने मानकाला वळण लावावे हा तिचा गौरवच मानला पाहिजे.

तथापि तिच्या यशातच अडचण होती. मानक आले तरी बोली राहिली. एप्रिल २०१३ मध्ये निघालेल्या तिच्या दुसऱ्या मुख्य आवृत्तीने इंटरनेट एक्स्प्लोररच्या सहाव्या, सातव्या व आठव्या आवृत्त्यांचा आधार सोडला, आणि ज्यांना त्यांची गरज होती त्यांच्यासाठी पहिली शाखा वेगळी चालू ठेवली. हा निर्णय विवेकाचा होता. परंतु ज्यांनी आपला संपूर्ण प्रोग्रॅम त्या बोलीत लिहिला होता, त्यांना लायब्ररी काढणे म्हणजे प्रोग्रॅमच पुन्हा लिहिणे असे झाले. पायाखालची पट्टी काढता येते, पण सारे यंत्रच तिच्यावर वेल्ड केले असेल तर ती पट्टी राहत नाही.

पट्टी काढता न येण्याची किंमत केवळ तिच्या मालकालाच पडते असे नाही. २०१८ चे एक प्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे. जावास्क्रिप्टच्या मानक-समितीने यादीतील आतल्या याद्या सपाट करणारी एक क्रिया सुचविली आणि तिला फ्लॅटन हे नाव दिले. फायरफॉक्सच्या चाचणी-आवृत्तीत ती येताच काही जुनी संकेतस्थळे मोडली. कारण असे की, मूटूल्स या जुन्या लायब्ररीने याच नावाची स्वतःची क्रिया जावास्क्रिप्टच्या मूळ याद्यांना कधीच चिकटवून ठेवली होती, आणि अशा सर्व क्रिया एकेक मोजून ती आपल्या दुसऱ्या एका वस्तूवर उतरवून घेत असे. ब्राउझरने तेच नाव अंगभूत दिल्यावर ते मोजणीत दिसेनासे झाले, आणि नक्कल होणे थांबले. वादाअंती समितीने माघार घेतली. २०१९ च्या मानकात ती क्रिया फ्लॅट या आखूड नावाने दाखल झाली. यापूर्वी ‘कंटेन्स’ हे नाव ‘इन्क्लूड्स’ असे बदलावे लागले त्यालाही हीच लायब्ररी कारण होती.

जगातील प्रत्येक प्रोग्रॅमर पुढे जे शब्द वापरणार, ते ठरविण्याचा अधिकार असा एका निवृत्त न झालेल्या लायब्ररीकडे गेला. मूटूल्सच्या कर्त्यांना दोष देणे सोपे आहे. वस्तुतः चूक तत्त्वाची होती. मानकात नसलेले नाव मूळ वस्तूला जोडणे म्हणजे भविष्यातील जागा परस्पर अडविणे होय. पॉलिफिलने मानकाचेच नाव आणि मानकाचेच वर्तन पुरवावे, हा नियम केवळ शिस्तीचा नाही. त्यामागे इतरांच्या हक्काचा विचार आहे.

४

कोणत्या उणिवा जावास्क्रिप्टने भरता येतात आणि कोणत्या नाहीत, हा पुढचा प्रश्न. याचे उत्तर मराठी वाचकाला स्वानुभवाने ठाऊक असावयास हवे.

देवनागरी मजकूर पडद्यावर दिसण्यासाठी नुसती अक्षरे पुरत नाहीत. ऱ्हस्व वेलांटी संचित क्रमात व्यंजनानंतर येते, पण व्यंजनाआधी काढावी लागते. रफार आधी येतो, पण पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. ‘वाऱ्यावर’ या शब्दातील ऱ्य आणि ‘कार्य’ मधील र्य यांचे रूप वेगळे ठेवावे लागते. ही जुळणी संगणक-प्रणालीचे लेखन-यंत्र करते. युनिकोडमध्ये देवनागरीचा समावेश १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून होता. विंडोजमध्ये तिची जुळणी विंडोज २००० पासून मिळाली, आणि एक्सपीमध्येही ती सोय निराळी बसवून घ्यावी लागे. म्हणजे मानक आणि साधन यांच्यामध्ये अंतर होते, आणि ते जावास्क्रिप्टच्या आवाक्याबाहेरचे होते.

त्या अंतरावर मराठी संकेतस्थळांनी जो उपाय योजला, तो या विषयातील सर्वांत मोठी पुट्टी म्हटली पाहिजे. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले फाँट वापरले गेले. कृतिदेव फाँटात रोमन डीच्या जागी क दिसतो. संगणकाच्या दृष्टीने मात्र तेथे डी हेच अक्षर साठविलेले असते. इंटरनेट एक्स्प्लोररच्या चौथ्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९७ पासून, फाँट पानासोबत पाठविण्याची सोय झाली, आणि नेटस्केपसाठी वेगळ्या प्रकारचा फाँट द्यावा लागे. वाचकाला मराठी दिसत होती. पण साठविलेला मजकूर मराठी नव्हता. फाँट पोचला नाही की पानावर रोमन अक्षरांचा अर्थहीन गुंता उमटे. शोधयंत्राला त्यात काही सापडत नसे, आणि एका फाँटातील मजकूर दुसऱ्या फाँटात वाचता येत नसे. पद्म नावाच्या फायरफॉक्सच्या जोड-साधनाने असा मजकूर वाचकाच्या ब्राउझरमध्येच युनिकोडमध्ये रूपांतरित करण्याचा प्रयत्न केला. तो स्तुत्य होता, परंतु तो दुरुस्तीवरील दुरुस्ती होता.

याच्या उलट उदाहरण विकिमीडियाच्या प्रकल्पांसाठी पुढे घडविलेल्या जेक्वेरी-वेबफाँट्स आणि जेक्वेरी-आयएमई या लायब्रऱ्यांचे आहे. पहिली लायब्ररी वाचकाकडे नसलेला फाँट पुरविते. दुसरी ज्या संगणकावर मराठी कळफलक बसविलेला नाही तेथे पानावरच मराठी टंकलेखन शक्य करते. दोन्ही ठिकाणी साठविला जाणारा मजकूर युनिकोडच असतो. उद्या दोन्ही लायब्रऱ्या काढून टाकल्या, तरी लिहिलेल्या मजकुराच्या एका अक्षरालाही धक्का लागणार नाही. जुन्या फाँटांची भरणी आशयात शिरली होती. येथे ती केवळ व्यवहारात राहिली. उणीव झाकताना मूळ द्रव्याला हात लावावयाचा नाही, हा धडा या तुलनेतून मिळतो. पुट्टीखाली गंज राहिला तर तो वाढतच जातो, हे रंगकाम करणारा कोणीही सांगेल.

५

आता या उपायांचा भार कोणावर पडतो ते पाहू. भोसरीतील किंवा चाकणमधील एखाद्या लहान कारखान्याची कल्पना करावी. टर्निंगचे सुटे भाग करून मोठ्या वाहन-कंपनीला पुरविणे हा त्याचा व्यवसाय. कार्यालयात एकच जुना संगणक. त्यावरूनच मागण्या पाहावयाच्या, पाठविलेल्या मालाची नोंद करावयाची, जीएसटीचे विवरण भरावयाचे. या संगणकाचा ब्राउझर जितका जुना, तितक्या उणिवा अधिक. आणि उणिवा जितक्या अधिक, तितके भरणीचे प्रोग्रॅम अधिक उतरवावे व चालवावे लागतात. ज्याचे यंत्र सर्वांत मंद त्याच्यावर सर्वांत मोठे ओझे, असा हा उलटा न्याय आहे. शाफ्टची जुळणी करणारे जाणते कारागीर एका पायाखाली पातळ शिमांची चळत रचीत नाहीत. अशी चळत स्प्रिंगसारखी दबते आणि मापन खोटे ठरविते. थोड्या व जाड शिमा वापराव्यात हा त्यांचा नियम. पॉलिफिलांच्या चळतीलाही तो लागू आहे.

हे ओझे कमी करण्यासाठी पॉलिफिल-आयओ ही सेवा निघाली. फायनान्शियल टाइम्स या वृत्तपत्राच्या तांत्रिक विभागात अँड्र्यू बेट्स यांनी तिचा आरंभ केला. संकेतस्थळाने एकच दुवा द्यावयाचा. सेवेचा सर्व्हर येणाऱ्या ब्राउझरचे नाव व आवृत्ती वाचून त्याला लागतील तेवढेच तुकडे पाठवीत असे. कल्पना बुद्धिमान होती, परंतु तिच्यात दोन उणिवा होत्या. एक तर ती ब्राउझरची क्षमता प्रत्यक्ष तपासत नसे, त्याने सांगितलेल्या नावावर विसंबे. दुसरी उणीव अधिक गंभीर होती. बाहेरून येणारी स्क्रिप्ट बदलली गेली नाही ना, हे तिच्या आशयाच्या ठशावरून तपासण्याची सोय आधुनिक ब्राउझरांत आहे. पण ज्या सेवेचा आशय प्रत्येक ब्राउझरसाठी निराळा, तिचा एक ठसा आगाऊ लिहून ठेवता येत नाही. जो तिचा गुण, त्यानेच तपासणीचा मार्ग बंद केला.

याचा परिणाम २०२४ मध्ये दिसला. फेब्रुवारीत त्या नावाची मालकी एका चिनी कंपनीकडे गेली. ही सेवा ताबडतोब काढून टाकावी, असा इशारा स्वतः बेट्स यांनी दिला. जून महिन्यात सानसेक या सुरक्षा-संस्थेने उघड केले की, त्या दुव्यावरून ठराविक भ्रमणध्वनी-वापरकर्त्यांना दुष्ट प्रोग्रॅम पाठविला जात होता. एक लाखाहून अधिक संकेतस्थळांवर तो दुवा अजून शाबूत होता. महिनाअखेर ते नावच बंद करण्यात आले. ज्या ब्राउझरांसाठी तो दुवा मुळात घातला गेला, त्यांतील पुष्कळसे तोवर वापरातून गेलेही होते. इंटरनेट एक्स्प्लोररची अकरावी आणि शेवटची आवृत्ती जून २०२२ मध्येच निवृत्त झाली होती. गरज संपली, भरणी राहिली, आणि तिच्यातूनच चोर शिरला.

चाकणच्या वाहन-उद्योगात पुरवठादार, प्रक्रिया किंवा उत्पादनाची जागा बदलली तर त्या भागाची मंजुरी पुन्हा घ्यावी लागते. एका लहानशा बुशसाठी पाळला जाणारा हा दंडक, लाखभर संकेतस्थळांवर चालणाऱ्या स्क्रिप्टला कोणी लावला नाही.

६

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. भरणी लवकर काढावी असा आग्रह धरल्यास, वर वर्णिलेल्या लहान कारखान्यातील कारकुनाचे काय? त्याच्या दृष्टीने ती भरणी हाच दरवाजा आहे.

आक्षेप खरा आहे; परंतु त्याचे उत्तर भरणी कायम ठेवण्यात नाही, तर पान कसे बांधले आहे यात आहे. स्टीव्ह शँपियन आणि निक फिंक यांनी २००३ मध्ये क्रमशः समृद्धीचे जे तत्त्व मांडले, त्याचा आशय असा : आधी साध्या एचटीएमएलमध्ये काम पूर्ण होईल असे पान रचावे, आणि नंतर समर्थ ब्राउझरांसाठी त्यावर सोयी चढवाव्यात. विवरणाचा अर्ज जावास्क्रिप्टशिवायही भरून पाठविता येत असेल, तर भरणी काढल्याने जुन्या यंत्राचा मालक बाहेर पडत नाही. त्याची थोडी सोय कमी होते इतकेच. उलट, सारे पानच जावास्क्रिप्टवर टांगलेले असेल, तर भरणी ठेवली काय आणि काढली काय, तो नेहमीच दुसऱ्याच्या मेहेरबानीवर राहतो.

निवृत्तीचा हा प्रश्न जुन्या ब्राउझरांबरोबर संपला असे कोणी समजू नये. मराठी मजकुराची अक्षरे मोजण्याचे ताजे उदाहरण घ्यावे. ‘महाराष्ट्र’ हा शब्द जावास्क्रिप्टच्या साध्या मोजणीत १० एककांचा भरतो. वाचकाला मात्र त्यात म, हा, रा, ष्ट्र अशी ४ अक्षरे दिसतात. अक्षरांची योग्य फोड करणारी इंटल-सेगमेंटर ही सोय क्रोममध्ये २०२० मध्ये आली. फायरफॉक्समध्ये ती येण्यास एप्रिल २०२४ लागला. मधल्या काळात पॉलिफिलची गरज रास्तच होती. परंतु जोडाक्षर एकसंध मानण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत, सप्टेंबर २०२३ मध्ये दाखल झाला. त्यापूर्वीच्या नियमानुसार गोठलेले पॉलिफिल ‘ष्ट्र’ चे तीन तुकडे करते आणि या शब्दाची ६ अक्षरे सांगते. नाव लिहिण्याच्या चौकटीला अक्षरमर्यादा असेल, तर असे पॉलिफिल जोडाक्षराच्या मध्येच कात्री चालवील, आणि त्याच वेळी शेजारच्या नव्या ब्राउझरमध्ये तेच नाव अखंड राहील. येथे जुना ब्राउझर नाही; जुनी झाली आहे ती भरणीच.

म्हणून अशा लायब्ररीची निवड करताना तिच्यासोबत चार गोष्टी लिहून ठेवल्या जाव्यात : ती कोणत्या मोजलेल्या उणिवेसाठी आहे, मानकाच्या कोणत्या आवृत्तीला अनुसरते, कोणाकडून आली, आणि कोणत्या दिवशी तिची गरज पुन्हा तपासावयाची. पहिल्या तीन नोंदी कोठे कोठे आढळतात, चौथी क्वचितच. पदव्युत्तर अभ्यासकांनी आपापल्या प्रकल्पांतील एकेक लायब्ररी या चौथ्या नोंदीच्या दृष्टीने तपासली, तर त्यांपैकी किती शिमा आहेत आणि किती पुट्टी होऊन बसल्या आहेत, याचा हिशेब त्यांच्या हाती येईल.